विराट भंगारात गेली, गुलदार पाण्याखाली जाणार. अन् समुद्राचा खरा ठेवा आपल्या तेरमध्ये!

धाराशिव : समुद्राचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध काय, असं कुणी पारावर विचारलं तर लोक हसतील. कोकण किनारा इथून शेकडो किलोमीटर लांब. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावाला जहाजाचं काय कौतुक? तरीही नौदलाच्या जुन्या जहाजांचं गेल्या काही वर्षांत काय झालं, हे धाराशिवच्या माणसाने नीट समजून घ्यावं असं आहे. जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमकं काय करायचं, त्याला पैसा कोण देतो आणि कुणीच नाही दिला तर काय होतं, हे प्रश्न शेवटी तेर गावापर्यंत येऊन पोचतात.

आधी जहाजांचं बघू.

‘आयएनएस गुलदार’ हे नौदलाचं जहाज. पोलंडमध्ये बांधलेलं, डिसेंबर १९८५ मध्ये ताफ्यात आलेलं. रणगाडे आणि जवान थेट किनाऱ्यावर उतरवायचे, हे त्याचं काम. जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला ते निवृत्त झालं आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आलं. आता हे जहाज सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रात बुडवायचं आणि त्याचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं, अशी योजना आहे. पर्यटक पाणबुडीतून किंवा पाठीला सिलिंडर बांधून खाली जाणार, जहाज बघणार. सांगाड्यावर शेवाळ, प्रवाळ धरेल, मासळी येईल. केंद्राने यासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले.

चांगलं जहाज मुद्दाम बुडवायचं म्हणजे काय, असा प्रश्न पडतोच. पण या निर्णयाच्या मागे एक जुनी जखम आहे. तिचं नाव ‘विराट’.

८५२ कोटींचा कागद, ३८ कोटींचं भंगार

‘आयएनएस विराट’ ही विमानवाहू नौका. मूळची इंग्रजांची ‘हर्मिस’, १९५९ सालची. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याच्या पुढे होती. १९८७ मध्ये भारताने घेतली आणि पुढची ३० वर्षं वापरली. ६ मार्च २०१७ ला मुंबईत निवृत्त झाली. लांबी सव्वादोनशे मीटरच्या वर, वजन २८ हजार टनांच्या घरात. लांबूनच टेकडीसारखी दिसायची.

१ नोव्हेंबर २०१८ ला राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की विराट निवती रॉकजवळ समुद्रात काँक्रीटच्या पायावर कायमची उभी करायची. त्यात संग्रहालय, साहसी खेळ, सगळं काही. खर्च ८५२ कोटी. खासगी भागीदाराने पैसा घालायचा, सरकारने साथ द्यायची. बातम्या आल्या, टाळ्याही पडल्या.

पुढे पैसा घालणारा भागीदार काही उभा राहिला नाही. जुलै २०१९ मध्ये केंद्राने राज्यसभेत सांगून टाकलं की स्वतःच्या पायावर उभा राहील असा, आर्थिकदृष्ट्या पूर्ण प्रस्ताव कुठल्याच राज्याकडून आला नाही, म्हणून जहाज मोडीत काढायचं ठरलं आहे. लिलाव झाला. गुजरातच्या अलंगमधल्या जहाजतोड व्यावसायिकाने ३८.५४ कोटींना विराट घेतली. सप्टेंबर २०२० मध्ये ती मुंबईहून ओढत नेली गेली आणि भरतीच्या पाण्यात अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली.

मग सगळ्यांना जाग आली. एका कंपनीने संग्रहालयासाठी जहाज मागितलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये तोडकामाला स्थगितीही मिळाली. पण तोवर जवळपास ४० टक्के जहाज कापून झालं होतं. एप्रिलमध्ये याचिका फेटाळली गेली. ज्या वस्तूला जपायचा अंदाज ८५२ कोटी होता, तिची बाजारातली किंमत त्याच्या बाविसाव्या हिश्श्याएवढी निघाली. बैल म्हातारा झाला की बाजारात त्याचं काय होतं हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

विराटचं जे झालं ते पहिल्यांदा झालं असतं तर समजून घेता आलं असतं. पण त्याआधी ‘विक्रांत’चंही तेच झालं होतं. भारताची पहिली विमानवाहू नौका, १९६१ ला ताफ्यात आलेली. १९७१ च्या डिसेंबरात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले, पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद केली. १९९७ ला निवृत्ती, २००१ पासून मुंबईत संग्रहालय, हजारो शाळकरी पोरांनी ती बघितली. २०१२ ला धोकादायक म्हणून बंद. २०१४ च्या सुरुवातीला साधारण ६० कोटींना लिलाव आणि त्याच वर्षाच्या शेवटी दारूखान्यात गॅस कटर चालू.

विक्रांतचा थोडा अंश मात्र गावोगाव पोचला. तिचं लोखंड बजाजने घेतलं, वितळवलं आणि २०१६ मध्ये ‘व्ही’ नावाची मोटारसायकल काढली. पेट्रोलच्या टाकीत विक्रांतचा धातू आहे, अशीच तिची जाहिरात होती. साधारण ६२ हजारांची गाडी. आपल्याही भागात एखाद्याच्या दारात ती अजून उभी असेल, अन् तिच्यावर दुधाचे कॅन अडकवले जात असतील. मुंबईत लायन गेटजवळ विक्रांतच्याच धातूचं एक शिल्प जानेवारी २०१६ मध्ये उभारलं. जहाजाची एवढीच आठवण जमिनीवर राहिली. नाव मात्र टिकलं. सप्टेंबर २०२२ मध्ये ताफ्यात आलेली नवी विमानवाहू नौका ‘विक्रांत’च आहे, आणि त्याच दिवशी शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन नौदलाच्या झेंड्यावर आला.

मग काही जहाजं टिकतात कशी?

लोकांना प्रेम नाही म्हणून जहाजं भंगारात जातात, असं म्हणणं सोपं आहे. खरी भानगड खाऱ्या पाण्याची आहे. लोखंडी जहाज खाऱ्या पाण्यात उभं राहिलं की तळ रोज थोडा थोडा खातो. ठराविक वर्षांनी ते गोदीत ओढून कोरडं करावं लागतं, गंजलेले पत्रे बदलावे लागतात, रंग द्यावा लागतो. आत पाणी साठलं तर उपसा करणारे पंप, वीज, पहारा, आगीची व्यवस्था. वर मुंबईसारख्या बंदरात एवढं मोठं जहाज कायमचं बांधून ठेवायचं तर धक्क्यावरची जागा अडते, ती वेगळीच. हा खर्च उद्घाटनाच्या दिवशी संपत नाही, तिथून सुरू होतो.

विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ ही पाणबुडी आहे. २००१ ला निवृत्त झाली आणि २००२ पासून लोकांसाठी खुली आहे. अजून रांगा लागतात. कारण साधं आहे. पाणबुडी जेमतेम ९१ मीटरची, आणि तिला पाण्यात ठेवलंच नाही. वाळूवर ओढून काँक्रीटच्या पायावर बसवली. तळ खाऱ्या पाण्यात नाही, तर निम्मा खर्च तिथंच वाचला. तिकीट लावलं, शहराच्या चौपाटीवरच असल्याने माणसं आपसूक येतात. आपल्याकडे कल्याणला दुर्गाडी किल्ल्याजवळ ‘टी-८०’ ही नौदलाची छोटी गस्ती नौका आणून ठेवली, तीही अशीच जमिनीवर. शिवरायांनी आरमाराची सुरुवात जिथून केली त्याच खाडीच्या काठी. पेलेल एवढंच डोक्यावर घेतलं, हे शहाणपणाचं झालं.

गुलदारच्या बाबतीत सरकारने तिसरा मार्ग काढला. जपायचा खर्चच नको म्हणून बुडवायचं. बुडवण्याआधी तेल, वायर, विषारी रंग काढून जहाज धुऊन घ्यावं लागतं. बुडाल्यावर ते मासळीला घर होतं, मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला रोजगार मिळू शकतो. हिशोबाला ही योजना विराटपेक्षा कितीतरी खरी आहे. फक्त तिला ‘जतन’ म्हणताना जीभ थोडी अडखळते. समुद्राच्या तळाशी लोखंड काही कायमचं राहत नाही.

जाता जाता एक गोष्ट. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी सागवानात एक युद्धजहाज बांधलं, ‘ट्रिंकोमाली’. हे जहाज आजही पाण्यावर तरंगतं आहे. कुठे? इंग्लंडमध्ये, हार्टलपूल गावात. तिकडे तिकीट काढून लोक ते बघतात. मराठा आरमाराची गलबतं आणि गुराबं मात्र नावालाही उरली नाहीत. उरले ते सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी असे दगडाचे किल्ले, जे २०२५ च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत गेले. दगड आपोआप टिकतो, लाकूड आणि लोखंड कुणीतरी टिकवावं लागतं.

समुद्र तेरला कसा आला?

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. तेरणाकाठचं तेर म्हटलं की आपल्याला गोरोबा काका आठवतात. पण गोरोबांच्याही हजारभर वर्षांहून आधी या गावाचं नाव समुद्रापलीकडे माहीत होतं. तेव्हाचं नाव तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. स्वतःचं नाव त्याने लिहिलं नाही, पण आपलं लिहिलं. भडोचच्या दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला १० दिवसांवर तगर हे फार मोठं शहर, असं तो सांगतो. तगरहून जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि पूर्वेकडच्या किनारपट्टीवरून इथं येऊन पडलेला माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या रानातून भडोचला यायचा आणि तिथून जहाजात चढायचा.

म्हणजे तेर हे बंदर नव्हतं, पण बंदराचा माल भरणारं कोठार होतं. आज मोंढा म्हणतो तसं. बैलगाडीने महिनाभराची वाट तुडवून माल भडोचला, आणि पुढे जहाजाने रोमच्या बाजारात. ती जहाजं यायची कशाच्या जोरावर? ज्या नैर्ऋत्य वाऱ्यावर आपल्याकडे मृगाचा पाऊस येतो आणि पेरणी होते, त्याच वाऱ्यावर. जुलैच्या सुमाराला इजिप्तकडून निघायचं, शिडात मोसमी वारा भरून घ्यायचा आणि भारताचा किनारा गाठायचा. हिवाळ्यात वारा उलटा फिरला की परत. आपला शेतकरी आणि तिकडचा खलाशी, दोघंही एकाच वाऱ्याकडे डोळे लावून बसलेले.

तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर साहेब लोकांमध्ये बराच वाद होता. कुणी देवगिरी म्हणायचं, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजे तेरच, हे दाखवून दिलं. पुढे १९५७-५८ मध्ये चापेकरांनी इथं उत्खनन केलं आणि जमिनीतूनच साक्ष निघाली. त्रिविक्रमाचं देऊळ तर डोळ्यांसमोर उभंच आहे. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल, सगळं विटांचं. मुळात हे बौद्ध चैत्यगृह, नंतर देऊळ झालं.

आणखी एक दुवा आहे, आणि तो थेट युद्धनौकांशी जातो. कोकणावर पुढे शिलाहार राजांनी राज्य केलं. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर अशा त्यांच्या तीन शाखा. या घराण्यातले राजे ताम्रपटात आणि शिलालेखात स्वतःला अभिमानाने ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे धनी. राज्य समुद्रकाठी, पण मूळ गाव सांगायचं तर तेर. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर गावात काही वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची आरमारी लढाई कोरलेली आहे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या समुद्रयुद्धाशी अनेक अभ्यासक हे दगड जोडतात. त्या लढाईत सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं यादवांच्या बाजूने लिहून ठेवलं गेलं. महाराष्ट्रातली युद्धनौकांची ही जुनी दगडी चित्रं, आणि त्यातला बुडालेला राजा स्वतःला तेरचा धनी म्हणवणारा! ही गोष्ट आपल्या शाळांमध्ये किती पोरांना ठाऊक आहे, हा प्रश्न पालकांनी विचारून बघावा.

एका माणसाने जपलं म्हणून

हा सगळा ठेवा आज बघायला मिळतो तो सरकारी योजनेमुळे नाही. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर या वस्तू गोळा केल्या. पांढरीच्या टेकाडावर पाऊस पडून गेला की माती धुपते आणि मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या उघड्या पडतात. दुसरा कुणी पायाने बाजूला सारेल अशा त्या वस्तू. त्यांनी हजारोंनी जमवल्या आणि त्यातूनच गावातलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. आजही ते त्यांच्याच नावाने चालतं.

तिथं सातवाहनांची नाणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत. रोमन नाण्यावरून साचा काढून केलेली मातीची पदकं आहेत, गळ्यात घालण्यासाठी वर कडी असलेली. म्हणजे रोमचं नाणं इथं इतकं ओळखीचं झालं होतं की गरिबाने त्याची मातीची नक्कल दागिना म्हणून घातली. आणि हस्तिदंताची एक बाहुली आहे. इटलीत पाँपेई नावाचं शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या खोदकामात भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती घडवली कुठे, यावर मतं वेगवेगळी आहेत, जालन्याच्या भोकरदनचंही नाव घेतलं जातं. पण तिचा तोंडवळा तेरच्या बाहुलीशी जुळतो, हे दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कुणालाही दिसेल. मोबाईल हातात आहेच, बघून घ्या.

विराटच्या मागे मंत्रिमंडळाचा ठराव होता, तरी ती गेली. तेरच्या बाहुलीमागे फक्त एक चिकाटीचा माणूस होता, तरी ती राहिली. यातून सरकारची जबाबदारी संपते असं नाही, उलट वाढते. जमवणारा माणूस आयुष्यभर पुरतो, त्याच्यापुढचं काम खात्याचं आणि गावाचं असतं.

शेतात काही सापडलं तर

मराठवाड्यात माळवदाच्या घरावर पांढरी माती टाकायची जुनी रीत. जुन्या गावठाणाची टेकाडं त्यासाठी वर्षानुवर्षं खणली गेली, गाड्या भरभरून माती गेली. आता जेसीबी आहे, एका दिवसात टेकाड सपाट होतं. त्यात काय गेलं हे बघायला कुणी थांबत नाही. विराटवर कटर चालला तेव्हा निदान कॅमेरे तरी होते.

कायदा आहे, पण तो जुना आहे. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार जमिनीत १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. कळवलं नाही तर सापडवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. सरकारने वस्तू ठेवून घ्यायची ठरवली तर त्यातल्या मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. मेख इथंच आहे. हा कायदा सोन्याच्या हंड्याच्या हिशोबाने लिहिलेला. मातीच्या पदकातल्या मातीची किंमत काय धरणार? म्हणून माणूस गप्प बसतो. एक तर वस्तू पोरांच्या खेळण्यात जाते, नाहीतर फिरत्या खरेदीदाराच्या पिशवीत. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरातन वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेणं तर बंदच आहे. तेव्हा गावात येऊन ‘जुनं नाणं आहे का’ विचारणाऱ्याला आधी परवाना दाखवायला सांगावं.

गुलदारच्या प्रकल्पाची रक्कम ४६.९१ कोटी. त्यातला एक टक्का म्हणजे साधारण ४७ लाख. तेवढ्यात तेरच्या पांढरीची मोजणी होऊन हद्दीचे दगड बसतील, संग्रहालयातल्या वस्तूंना मराठीत नीट पाट्या लागतील, गोरोबा काकांच्या दर्शनाला आलेल्या माणसाला पायी पायी संग्रहालय आणि त्रिविक्रमापर्यंत नेणारा रस्ता धड होईल. हे मागायला मंत्रालयात जायची गरज नाही. ग्रामसभेत ठराव घालून तो पुरातत्त्व खात्याला आणि जिल्हा नियोजन समितीला पाठवता येतो. आणि नांगरताना काही हाती लागलंच तर पाण्याने धुऊ नये, घासू नये. जिथं सापडलं तिथला फोटो काढावा, गट नंबर लिहावा, तहसीलमार्फत कलेक्टर कचेरीत अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यायला मात्र विसरू नये.